सुईदोऱ्याविना ठिगळ : फाटलेली पँट घरच्या घरी सांधताना

गोरेगाव (जि. गोंदिया) : पँट फाटायला मुहूर्त लागत नाही. मात्र ती फाटते तेव्हा शिंप्याचे दुकान बंद तरी असते, नाही तर लग्नसराईच्या कपड्यांचा ढीग इतका साचलेला असतो की ‘परवा या’ याखेरीज दुसरे उत्तर मिळत नाही. घरात सुईदोरा असला तरी तो चालवणारा हात असतोच असे नाही. अशा वेळी चिकट बक्रम, इस्त्रीने चिकटणारी पट्टी, कापडाचा डिंक, फार तर औषधाच्या दुकानातील चिकटपट्टी ही साधने कामी येतात. ती कुठे टिकतात, कुठे दगा देतात आणि कुठे कापडाचे कायमचे नुकसान करतात, याची माहिती मात्र पाकिटावर क्वचितच असते.

गोरेगाव म्हटले की शहरी वाचकाच्या डोळ्यांपुढे मुंबईचे उपनगर उभे राहते. येथे अभिप्रेत आहे ते गोंदिया जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात धानाची शेती आणि जंगल एकमेकांना खेटून आहेत. २०१३ मध्ये घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचे रान याच परिसरातले. बोर-बाभळीचे काटे, काटस बांबूची बेटे, बांधावरचे तारेचे कुंपण, सायकलची साखळी, दुचाकीच्या पत्र्याची निघालेली कड, इतकी निमित्ते येथे विजारीच्या वाटेवर उभी असतात. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्याला आणि पावसाळ्यात रोवणीला वाकणाऱ्याला फाटक्या कपड्याचे अप्रूप नाही. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराची पँट बसच्या आसनाच्या पत्र्याला किंवा कार्यालयातील खुर्चीच्या खिळ्याला अडकते, एवढाच फरक. कापड तेच आणि डिंकही तोच.

प्रश्न हौसेचा नसतो. शासकीय भरतीच्या कागदपत्र पडताळणीला किंवा मुलाखतीला निघालेल्या उमेदवाराकडे नीटशी काळी पँट बहुधा एकच असते. गणवेशाचे दोनच जोड असलेल्या घरात एक जोड गुडघ्यावर फाटला की दुसरा रोज धुऊन रोज वाळवावा लागतो. झडीच्या दिवसांत तो वाळतही नाही. अशा घाईत हाताला लागेल तो डिंक लावला जातो आणि जी पँट शिंप्याने अर्ध्या तासात पूर्ववत केली असती, ती कायमची बाद होते. म्हणूनच सुईविना दुरुस्तीचा पहिला निकष असा धरावा, की लावलेले ठिगळ पुढे काढता आले पाहिजे आणि सुईला जागा उरली पाहिजे.

उसवले की फाटले?

पँटला भोक दिसले की सगळेच ‘फाटली’ म्हणतात. शिंप्याच्या लेखी यात तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. शिवणीचा दोरा तुटून दोन कापडे अलग होतात, ते उसवणे. काट्याला वा खिळ्याला अडकून कापडाचे धागे तुटतात, ते फाटणे. यात बहुधा काटकोनी फाट पडते, तिला खोंबारा म्हणतात. आणि वर्षानुवर्षे घासून धागे पातळ होत जातात, ते विरणे. मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बैठकीवर पँट विरते. तेथे एक दिवस भोक पडते, पण त्या भोकाभोवतीचे चार बोटांचे कापडही तेव्हा मेलेलेच असते.

या तिन्हींना एकच औषध लागू पडत नाही. खोंबारा ताजा असेल आणि कापडाचा तुकडा गळून पडलेला नसेल, तर चिकट बक्रमाने तो उत्तम बसतो; दोन्ही कडा एकमेकींना भिडतात आणि बाहेरून फक्त केसासारखी रेघ दिसते. विरलेल्या जागी मात्र ठिगळ ज्या कापडाला धरून राहणार, तेच कापड उद्या फाटणार असते. तेथे ठिगळ बरेच मोठे, पार धडक्या कापडापर्यंत जाणारे लागते. आभाळच फाटले तर ठिगळ कुठे कुठे लावणार, ही म्हण अशाच पँटवरून सुचली असावी.

चौथा एक प्रकार विडीच्या मुलखात सांगायलाच हवा. विडीची ठिणगी सुती कापडावर पडली तर काळ्या कडेचे मऊ भोक पडते. टेरीकॉटवर पडली तर धागे वितळून भोकाभोवती टणक कडे तयार होते. हे कडे तसेच ठेवून ठिगळ लावले तर ते सपाट बसत नाही आणि आतून टोचत राहते. बारीक कात्रीने तेवढी कड काढून टाकावी, मगच पुढचे काम करावे.

कापड कोणते, हे आधी पाहावे

इस्त्रीने चिकटवायचे तर कापडाला किती उष्णता सोसते हे कळणे आवश्यक आहे. कार्यालयात वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच पँट शुद्ध सुती नसून पॉलिएस्टर-व्हिस्कोज किंवा टेरीकॉटच्या असतात. पॉलिएस्टर सुमारे २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्याच्या बरेच आधी त्यावर चकाकी येते आणि ती चकाकी पुन्हा जात नाही. काळ्या पँटवर इस्त्रीच्या आकाराचा चमकता डाग पडतो तो याच कारणाने. कपड्याच्या चिठ्ठीवर इस्त्रीच्या चित्रात ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे जास्तीत जास्त ११० अंश, दोन म्हणजे १५० आणि तीन म्हणजे २००. चिठ्ठी निघून गेली असेल तर मोहरीच्या आतल्या दुमडीतून एक धागा ओढून तो चिमट्यात धरून पेटवून पाहावा. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख आली तर सूत. धागा आक्रसून टोकाला कडक काळा मणी झाला तर पॉलिएस्टर. दोन्हींची थोडी थोडी लक्षणे दिसली तर मिश्रण. ही परीक्षा पँटपासून दूर, पाण्याची वाटी जवळ ठेवून करावी.

जीन्सचे डेनिम मुळात सुती, त्यामुळे ते उष्णता चांगली सोसते. परंतु हल्लीच्या बहुतेक जीन्समध्ये ताण देणारा इलॅस्टेनचा धागा मिसळलेला असतो. तो फार उष्णतेने मरतो आणि गुडघ्यावरचे कापड ढिले पडते. शिवाय कापड ताणते आणि ठिगळ ताणत नाही. बसल्या-उठल्या कड सुटत जाते. ताणणाऱ्या जीन्सला ठिगळही ताणणाऱ्या कापडाचेच असावे.

बक्रम चिकटते कसे?

शिंपीकामाचे सामान विकणाऱ्या दुकानात ‘चिकटणारे बक्रम’ मागितले की ते मीटरने मिळते. कॉलर आणि कफ ताठ राहण्यासाठी शिंपी ते वापरतात. त्याच्या एका बाजूला हात फिरवला तर बारीक खरखर लागते, उजेडात धरले तर चमचमणारे ठिपके दिसतात. हे ठिपके म्हणजे उष्णतेने वितळणारे प्लास्टिक : पॉलिअमाइड, पॉलिएथिलीन किंवा तत्सम. इस्त्री बसली की ते वितळते, कापडाच्या धाग्यांभोवती शिरते आणि थंड झाल्यावर तेथेच घट्ट होते. धाग्याला धरून बसलेली ही पकड आहे; म्हणूनच खडबडीत सुती कापडावर ती मजबूत बसते आणि गुळगुळीत नायलॉनवर किंवा पाणी न धरणाऱ्या लेपाच्या कापडावर कच्ची राहते.

वितळण्याचा हा बिंदू साधारणतः १०० अंशांच्या वर असतो. त्यामुळे विदर्भातील मे महिन्याच्या उन्हात, तापलेल्या दुचाकीच्या आसनावर बसल्याने ठिगळ सुटेल, ही भीती नको. पण याच कारणाने एक जुनी युक्ती येथे चालत नाही. वीज नसताना उकळते पाणी भरलेला तांब्या फिरवून कपड्याची घडी बसवतात. पाणी १०० अंशांपलीकडे जात नाही आणि तांब्याचा तळ त्याहूनही थंड असतो. घडी बसेल, बक्रम बसणार नाही.

बक्रमात जाड-पातळ असते. कॉलरचे ताठ बक्रम पँटच्या आत लावले तर गुडघ्यावर पुठ्ठा बांधल्यासारखे वाटते आणि बाहेरून चौकोन उठून दिसतो. कुर्त्याच्या गळ्याला वापरतात ते पातळ, मऊ बक्रम घ्यावे. काळ्या पँटला काळेच मागावे. याखेरीज दोन्ही बाजूंनी चिकटणारी, कोळ्याच्या जाळ्यासारखी पातळ पट्टी मिळते. तीच मोहरी दुमडण्यासाठीची ‘हेमिंग टेप’. कापडाचा तुकडा गळून पडून भोक झाले असेल तर बक्रम एकटे पुरत नाही. भोकामागे कापडाचे ठिगळ आणि दोहोंच्या मध्ये ही जाळीदार पट्टी लागते.

ठिगळाला रंगाशी रंग जुळणारे कापड आणायचे कुठून, हा नेहमीचा प्रश्न. ते पँटमध्येच असते. मोहरीच्या आतली दुमड, मागच्या शिवणीत शिंप्याने सोडलेली माया, खिशाच्या तोंडाशी आत लावलेली पट्टी, यांपैकी एखाद्या जागेतून दोन बोटांचा तुकडा कापला तर बाहेरून काही दिसत नाही. हे कापड पँटबरोबरच धुतले गेलेले, पँटबरोबरच फिकटलेले असते. बाजारातील कोणतेही काळे कापड त्या काळ्याशी इतके जुळत नाही. शिवून घेतलेल्या पँटचा हा फायदा आहे. तयार पँटमध्ये माया फारशी सोडलेली नसते.

प्रत्यक्ष काम

पँट आधी धुऊन पूर्ण वाळवावी. तेल, घाम, धूळ यांच्यावर डिंक धरत नाही. कपड्यांना खळ किंवा भाताची कांजी घालण्याची पद्धत धानाच्या मुलखात जुनी आहे. ज्या जागी ठिगळ लावायचे तेथील कांजी कोमट पाण्याने काढून टाकावी, नाही तर बक्रम कापडाला न चिकटता कांजीला चिकटते आणि पहिल्याच धुण्यात सोलून निघते. कपडे मऊ करणारे द्रावणही असाच अडथळा आणते.

पँट उलटी करून सपाट, टणक जागेवर पसरावी. पलंगावरची गादी दाब गिळून टाकते; जमिनीवर पाट किंवा फळी ठेवून त्यावर सुती चादरीची एक घडी पुरे. लोंबणारे धागे कात्रीने कापावेत, ओढू नयेत. एक धागा ओढला की फाट बोटभर वाढते. फाटीच्या दोन्ही कडा बोटाने सरकवून एकमेकींना भिडवाव्यात, एकीवर दुसरी चढू देऊ नये. ठिगळ फाटीपेक्षा चारही बाजूंनी दीड सेंटिमीटर मोठे, जीन्ससाठी दोन सेंटिमीटर. त्याचे कोपरे गोल कापावेत. चौकोनी ठिगळ नेहमी कोपऱ्यातून सुटायला लागते. गोल कडेला सुटायला सुरुवातच सापडत नाही. कापडाचे ठिगळ असेल तर त्याचा उभा धागा पँटच्या उभ्या धाग्याशी जुळवावा. हे चुकले तर धुतल्यावर ठिगळ एकीकडे आणि पँट दुसरीकडे ओढली जाते आणि त्या जागी चुण्या पडतात.

आता सर्वाधिक विसरली जाणारी गोष्ट. पँटच्या पायाला पुढचे आणि मागचे अशी दोन कापडे असतात. फाटीतून पाझरलेला डिंक मागच्या कापडाला चिकटतो आणि पाय आतून बंद होतो. म्हणून पायाच्या आत बटर पेपर सारून ठेवावा. मिठाईच्या डब्यातला चालेल, मात्र तो खरा बटर पेपर असावा. मेण लावलेला कागद वितळून पँटभर डाग पाडतो.

बक्रमाची खरखरीत बाजू कापडाकडे ठेवावी, वर सुती रुमाल पसरावा आणि इस्त्री ठेवावी. ठेवावी, फिरवू नये. फिरवल्याने वितळता डिंक आणि ठिगळ दोन्ही सरकतात. सुमारे दहा ते पंधरा सेकंद वजन देऊन दाबावे, उचलावे, शेजारच्या जागी पुन्हा दाबावे. पाकिटावर वाफ किंवा ओलसर कापड सांगितले असेल तरच ते करावे. तापमान, दाब आणि वेळ ही तीन मापे जुळली की काम झाले. कारखान्यात यंत्रही एवढेच करते. यातील एक कमी पडले तर दुसरे वाढवून भागत नाही. कमी तापलेली इस्त्री मिनिटभर दाबून ठेवली तरी न वितळलेला डिंक वितळत नाही.

यानंतर दहा मिनिटे पँटला हात लावू नये. बहुतेकांचे काम येथेच बिघडते. गरम असताना कड धरून ‘चिकटले का’ हे पाहण्याचा मोह होतो आणि अर्धवट घट्ट झालेली पकड त्या ओढीने सुटते. थंड झाल्यावर नखाने कड उचलून पाहावी. उठत असेल तर पुन्हा रुमाल ठेवून दाबावे. पहिले धुणे एक दिवसानंतर, गार पाण्यात, पँट उलटी करून. धोपाटणे आणि घासणीचा ब्रश त्या जागेपासून दूर.

कोळशाच्या इस्त्रीबद्दल वेगळे सांगावे लागते. तिला ठिपके नाहीत आणि अंशही नाहीत. अनुभवी इस्त्रीवाला ओल्या बोटाने किंवा पाण्याच्या थेंबाने तिचा ताव ओळखतो. घरातल्या नवख्याने तो अंदाज काळ्या टेरीकॉटवर बांधू नये. एखाद्या टाकाऊ तुकड्यावर आधी दाबून पाहावे. खरे तर गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाला असेल तर ठिगळ घरी मांडून, बटर पेपर सारून, पँट त्याच्याकडेच न्यावी. त्याची इस्त्री जड असते, म्हणून दाब चांगला बसतो.

मोहरी उसवली असेल तर

सुईविना दुरुस्तीचे सर्वांत निर्धोक क्षेत्र म्हणजे मोहरी, अर्थात पायाचे खालचे टोक. चपलेचा अंगठा दुमडीत अडकतो आणि टाके सुटतात. या जागेवर ताण जवळजवळ नसतो. दुमडलेले कापड जागच्या जागी राहिले की झाले. जुन्या घडीवर इस्त्री करून घडी पुन्हा स्पष्ट करावी, दुमडीच्या आत हेमिंग टेप सरकवावी आणि शिवणीपासून सुरुवात करून वीतभर वीतभर दाबत जावे. टेप दुमडीच्या वरच्या कडेपासून किंचित आत असावी, नाही तर ती इस्त्रीच्या तळाला चिकटते. नवी, लांब तयार पँट एका समारंभापुरती आखूड करायलाही हाच मार्ग बरा. कापड कापावे लागत नाही आणि पुढे शिंप्याला हवे तेवढे हाती राहते.

इस्त्री नसेल तेव्हा

कापडासाठीचा खास डिंक नळीत मिळतो. तो वाळल्यावर लवचिक राहतो आणि पाण्याला टिकतो. पँटवर न लावता ठिगळावर लावावा, आगपेटीच्या काडीने पातळ पसरावा, दाबून वर पुस्तकांचा गठ्ठा ठेवावा आणि रात्रभर तसेच ठेवावे. जाड थर जास्त धरतो हा गैरसमज आहे. जाड थर बाहेर पाझरतो आणि पातळ पँटवर काळपट ओला डाग कायम राहतो.

सुतारकामाचा पांढरा डिंक घरोघरी असतो. लाकडाला तो उत्तम धरतो. पँटला लावला तर वाळल्यावर कडक होतो आणि नेहमीचा साधा प्रकार पाण्यात भिजला की पुन्हा पांढरा पडून मऊ होतो. चपला सांधायचे रबरी सोल्युशन पकड चांगली देते, पण पिवळट डाग सोडते. त्यातील द्रावक झटकन पेट घेणारा असल्याने ते लावलेल्या कापडाजवळ कोळशाची इस्त्री आणणे धोक्याचे आहे.

क्षणात चिकटवणाऱ्या छोट्या नळीतील डिंकाविषयी मात्र स्पष्ट इशारा द्यायला हवा. हा सायनोअ‍ॅक्रिलेट प्रकारचा डिंक असतो. कापसावर किंवा लोकरीवर तो पडला की त्याची घट्ट होण्याची क्रिया अतिशय वेगाने होते आणि तीतून उष्णता बाहेर पडते. कापड चटका बसण्याइतके तापू शकते, कधी धूरही निघतो. अंगात घातलेल्या पँटच्या गुडघ्यावर हा डिंक ओतणे म्हणजे कातडी भाजून घेणे आणि कापड कातडीला चिकटवणे, दोन्ही एकदम. भाजले नाही तरी त्या जागी काचेसारखी टणक खपली होते, तिच्या कडेने कापड पुन्हा फाटते आणि सुई त्यात शिरत नाही.

सकाळी नऊची वेळ आहे आणि रात्री दहाला पँट फाटली, अशा प्रसंगी तालुक्याच्या गावात उघडे असण्याची शक्यता असते ती औषधाच्या दुकानाची. जखमेची पट्टी धरून ठेवणारी कापडी चिकटपट्टी तेथे मिळते. पँट उलटी करून, कडा भिडवून, फाटीच्या आडवे तीन-चार तुकडे आणि त्यांवर उभा एक, अशी ती लावली तर दिवस निभावतो. ही पट्टी इस्त्रीखाली येऊ देऊ नये. तिचा रबरी डिंक वितळून बाहेरच्या बाजूला पाझरतो. घरी आल्यावर ती काढून टाकावी आणि राहिलेला चिकटपणा निलगिरी तेलाच्या बोळ्याने पुसून साबणाने धुवावा. स्टेपलरच्या पिना हा त्याहून वाईट उपाय, कारण प्रत्येक पीन दोन नवी भोके पाडते आणि पावसात गंजते. साधी सेफ्टी पिन बरी. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने १८४९ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि १५ डॉलरचे देणे फेडण्यासाठी ४०० डॉलरला हक्क विकून टाकले. अडीअडचणीची ही वस्तू जन्मालाही अडचणीतूनच आली.

जेथे चिकटवू नये

पँटच्या आसनाची, म्हणजे दोन पायांमधल्या जोडाची आणि मागच्या मधल्या शिवणीची जागा चिकटवण्याच्या कामाची नाही. माणूस उकिडवा बसतो तेव्हा सगळा ताण त्याच जागी येतो. ठिगळ सोलले जाते ते कडेकडून, आणि वाकणे-बसणे म्हणजे त्या कडेला दर वेळी दिलेला हिसका. शिवणीतला दोरा हा ताण टाक्याटाक्यांत वाटून घेतो; डिंकाला ते साधत नाही. खिशाचे तोंड आणि पट्ट्याचे लूप यांचेही तेच. मोटारसायकलवर टांग टाकताना मागची शिवण उसवलेल्या गृहस्थाने शर्ट बाहेर काढून घरी जावे, हे उत्तम. डिंकावर विसंबून कार्यालयात जाऊ नये.

ताणाच्या जागी दोराही अपुरा पडतो, हे अमेरिकेतील रीनो गावच्या जेकब डेव्हिस या शिंप्याला १८७०-७१ च्या हिवाळ्यात उमगले. एका लाकूडतोड्यासाठी त्याच्या बायकोने न फाटणारी विजार मागितली होती. डेव्हिसने घोड्याच्या झुलींच्या पट्ट्यांसाठी आणलेले तांब्याचे रिबिट खिशांच्या कोपऱ्यांत ठोकले. कापडाचा व्यापारी लेव्ही स्ट्रॉस याच्यासह त्याने २० मे १८७३ रोजी त्याचे पेटंट मिळवले आणि तीच आजची जीन्स. जंगलात राबणाऱ्या माणसासाठी केलेली ही सुईविना मजबुती आजही वापरता येते. चप्पल-पिशव्यांची दुरुस्ती करणाऱ्याकडे रिबिट असतात. जाड जीन्सच्या खिशाचा उसवलेला कोपरा तो दोन ठोक्यांत बसवतो. पातळ पँटवर मात्र रिबिट स्वतःच भोक पाडून निसटतो.

रोवणीच्या कपड्यांनाही चिकट ठिगळ लावण्यात अर्थ नाही. दिवसभर पाण्यात, चिखलात बुडालेले कापड, त्यात शिरलेले मातीचे कण आणि संध्याकाळी दगडावरची धुलाई, यापुढे डिंक दोन दिवस टिकला तरी पुष्कळ. तेथे जाड दोऱ्याचे ओबडधोबड टाकेच खरे. ते दिसतात, पण धान लावणाऱ्याचे गुडघे कोण पाहतो?

ठिगळ दिसण्याची लाज ही तशी कपड्यांच्या सुबत्तेबरोबर वाढलेली गोष्ट. विदर्भानेच ठिगळांचे वस्त्र अंगावर वागवणाऱ्या गाडगे महाराजांना (१८७६-१९५६) पाहिले. चिंध्या जोडलेल्या त्या पेहरावामुळे लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. आता फाटकी जीन्स फाटकी म्हणूनच विकली जाते. जीन्सला जुनाट, घासलेले रूप यावे म्हणून तिच्यावर वाळूचा फवारा मारणाऱ्या तुर्कस्तानातील कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य रोग जडला आणि २००९ मध्ये त्या देशाला ही पद्धत बंद करावी लागली. विरलेली पँट फुकट मिळत असताना ती विकत घेण्याची ही किंमत.

शिंप्याकडे जाताना

चिकटवलेले ठिगळ पुढे रफू किंवा शिलाईसाठी न्यायचे असेल तर ते आधी काढून न्यावे. शिलाई यंत्राची सुई वितळणाऱ्या डिंकातून वेगाने जाते तेव्हा तापते, तिला डिंक धरतो आणि टाके सुटू लागतात. शिंपी वैतागतो तो या कारणाने. काढण्याची कृती लावण्याच्या कृतीसारखीच आहे. ठिगळावर सुती रुमाल ठेवून इस्त्री दाबावी आणि डिंक मऊ असतानाच, बोटे न भाजतील अशा बेताने चिमट्याने एका कडेपासून सावकाश सोलावे. थंड झाल्यावर ओढले तर ठिगळाबरोबर पँटचे धागेही येतात. मागे राहिलेल्या डिंकावर जुन्या सुती कापडाचा तुकडा ठेवून पुन्हा इस्त्री दाबली की बराचसा डिंक त्या तुकड्यात उतरतो. तुकडा बदलत हे दोन-तीनदा करावे. पँट उलटी करून, फाटीच्या कडा जशा आहेत तशा, एकही धागा न कापता शिंप्याच्या हाती द्यावी. रफू करणाऱ्याला ते लोंबणारे धागेच लागतात.